पिशवी काढायची, की नुसती गाठ?

प्रश्न : माझं वय ३९. मला ९ वर्षांचा मुलगा आहे. गेलं दीड वर्ष पाळी आठ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस तास-दीड तासाला पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गुठळ्या पडतात. जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन ८.२ आलं. सोनोग्राफीत तीन फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या गाठी, निघाले : एक ६.५ सेंटीमीटरचा, गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला. एक ३ सेंटीमीटरचा, भिंतीत. आणि एक २.५ सेंटीमीटरचा, आतल्या पोकळीत डोकावणारा. डॉक्टर म्हणाले, 'एक मूल झालंय, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' माझ्या मोठ्या बहिणीचं पोट उघडून ऑपरेशन झालं होतं, तिला सावरायला दोन महिने लागले, म्हणून मला धास्ती वाटते. हल्ली बिनटाक्याचे उपाय आहेत असं ऐकते. सुई घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, ध्वनिलहरींनी गाठ जाळतात वगैरे. यातला सगळ्यांत चांगला कोणता? गाठ कॅन्सरची तर नसेल? रजा किती टाकावी लागेल? आणि एक, दुसऱ्या मुलाचा विचार आम्ही पुरता सोडलेला नाही. पण हे डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं तर पहिलं हवं होतं. त्या एका वाक्यानं निम्मे पर्याय मागे पडतात आणि उरलेल्यांचा क्रम बदलतो. तुमच्या डॉक्टरांना ते माहीतच नसेल, तर त्यांनी दिलेला सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. तो दुसऱ्याच बाईसाठी बरोबर होता. त्यांनी आपणहून विचारायला हवं होतं हे मलाही पटतं. पण पुढच्या भेटीत खुर्चीत बसताच तुम्ही हेच सांगा, रिपोर्ट नंतर काढा.

आता त्या तीन गाठींकडे वळू. रिपोर्टवरचा ६.५ हा आकडा बघून तुमचा जीव दडपला असणार. सगळ्यांचाच दडपतो. पण घराच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेला धोंडा आणि उंबऱ्यातला खडा, यांत ठेच कशाची लागते? फायब्रॉइडचं तसंच आहे. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पाळीत जे रक्त जातं ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून. पोकळीत डोकावणारी गाठ त्या अस्तराला ताणते, तिथल्या रक्तवाहिन्यांची घडी बिघडवते, आणि अंगावरून जाणं वाढतं. बाहेरच्या अंगाला वाढलेल्या गाठीचा अस्तराशी संबंध येत नाही. ती त्रास देते तो दाबानं : सारखं लघवीला लागणं, बद्धकोष्ठ, ओटीपोटात जडपणा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तेव्हा तुमचा खरा आरोपी बहुधा ती सगळ्यांत लहान, अडीच सेंटीमीटरची गाठ आहे, आणि सगळ्यांत मोठी गाठ जवळजवळ निर्दोष आहे.

'बहुधा' म्हणते याला कारण आहे. फायब्रॉइड कुठे आहे यावरून डॉक्टर त्याला ० ते ८ असा क्रमांक देतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे फिगोनं, २०११ मध्ये ही पद्धत मांडली. ० म्हणजे पूर्ण पोकळीत लोंबणारी गाठ. १ म्हणजे निम्म्याहून कमी भाग भिंतीत असलेली. २ म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त भाग भिंतीत रुतलेली. मग आकडा वाढत जातो तशी गाठ बाहेर बाहेर सरकते. ७ नंबरची बाहेरून देठानं लटकत असते. तुमच्या सोनोग्राफीत 'पोकळीत डोकावणारा' एवढंच लिहिलंय. तो १ आहे की २, आणि त्याच्या मागे गर्भाशयाची निरोगी भिंत किती मिलिमीटर उरली आहे, हे कळल्याशिवाय कुठलाही बेत पक्का करू नका. त्यासाठी पोकळीत थोडं सलाइन सोडून योनिमार्गातून सोनोग्राफी करतात, किंवा एमआरआय करतात, किंवा सरळ दुर्बीण घालून आत बघतात. तिन्हीची गरज नसते, बहुतेक वेळा एक पुरतं.

आणि हा आकडा १ किंवा २ निघाला, तर तुम्हाला हवा असलेला बिनटाक्याचा उपाय हाताशी आहे. गंमत म्हणजे तो तुम्ही ऐकलेल्या यादीत नाही, कारण तो नवा नाही. योनिमार्गातून, गर्भाशयाच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत नेतात, द्रवानं पोकळी फुगवतात आणि विजेच्या बारीक तारेनं किंवा फिरत्या पात्यानं गाठ पापुद्र्या-पापुद्र्यानं तासून बाहेर काढतात. याला हिस्टेरोस्कोपिक मायोमेक्टॉमी म्हणतात. १९७६ साली न्यूवर्थ आणि अमीन यांनी या पद्धतीनं फायब्रॉइड काढल्याचं नोंदवलं, म्हणजे तंत्राला जवळजवळ पन्नास वर्षं झाली. पोटावर एकही छेद नाही, भिंतीला टाका नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. काढलेले तुकडे तपासणीला पाठवता येतात, हा आणखी एक फायदा. त्याकडे पुढे येतेच.

धोके यालाही आहेत. पोकळी फुगवायला वापरलेला द्रव गर्भाशयाच्या उघड्या रक्तवाहिन्यांतून शरीरात शिरतो. फार शिरला तर फुप्फुसात पाणी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं असे गंभीर प्रकार घडू शकतात. म्हणून किती द्रव आत गेला आणि किती परत आला, याचा हिशोब शस्त्रक्रिया चालू असताना सतत ठेवावा लागतो. सलाइनसारखा द्रव असेल तर निरोगी बाईत साधारण अडीच लिटरचा फरक आणि सोडियम नसलेला द्रव असेल तर एक लिटरचा फरक, ही थांबण्याची मर्यादा धरतात. गाठ खोल रुतलेली असेल तर डॉक्टर मध्येच थांबून उरलेला भाग दुसऱ्या वेळी काढतात. याला अपयश समजू नका, तो शहाणपणा आहे. क्वचित गर्भाशयाला भोक पडतं, कधी नंतर आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. तुम्ही विचारायचे प्रश्न म्हणजे : अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? द्रवाचा हिशोब कोण ठेवतं? एका बैठकीत गाठ पूर्ण निघेल असं वाटतं का? मोकळेपणानं विचारा, यात कुणाचा अपमान होत नाही.

आता तुम्ही ऐकलेल्या उपायांबद्दल. तुमच्यासाठी ते पहिल्या पसंतीचे नसले, तरी का नाहीत हे कळायला हवं, नाहीतर 'आपल्याला नवं ते मिळालं नाही' ही रुखरुख राहते.

सुई घालून रक्तपुरवठा बंद करण्याला गर्भाशय धमनीचं एम्बोलायझेशन म्हणतात. ते स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर बघत रक्तवाहिनीतून उपचार करणारे तज्ज्ञ, करतात. मांडीच्या सांध्यातल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेतात आणि वाळूसारखे सूक्ष्म कण सोडतात. गाठींचं रक्त तुटतं, त्या सुकत जातात. याचा शोधच मजेशीर आहे. पॅरिसमध्ये रावीना आणि त्यांचे सहकारी ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून आधी एम्बोलायझेशन करत. तर ऑपरेशनची तारीख येईपर्यंत काही जणींना इतकं बरं वाटू लागलं की ऑपरेशनची गरजच उरली नाही. १९९५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तिथून हा स्वतंत्र उपचार झाला.

उपाय चांगला आहे. भूल पूर्ण द्यावी लागत नाही, सगळ्या गाठींवर एकदम काम होतं, अंगावरून जाणं बहुतेकींचं कमी होतं, आणि काही महिन्यांत गाठींचं आकारमान साधारण निम्म्यावर येतं. पण पहिले एक-दोन दिवस दुखतं, बऱ्यापैकी दुखतं; ताप, मळमळ आठवडाभर राहू शकते. 'नुसती सुई' म्हणून जाणाऱ्या बायकांना हे कुणी आधी सांगत नाही, याचा मला राग येतो. दुसरं म्हणजे, गर्भाशय जागेवर राहतं म्हणून तक्रार परत येण्याची शक्यताही राहते. ब्रिटनमधल्या रेस्ट या चाचणीत ५ वर्षांच्या आत एम्बोलायझेशन झालेल्या जवळजवळ तिघींमागे एकीला पुन्हा काही ना काही प्रक्रिया करावी लागली; शस्त्रक्रिया झालेल्या गटात हे प्रमाण फारच थोडं होतं. तिथल्याच फेम चाचणीत, २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, गाठी शस्त्रक्रियेनं काढलेल्या बायकांची दोन वर्षांनंतरची अवस्था एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा काहीशी सरस होती. बरं वाटलं होतं दोन्ही गटांना, हेही लक्षात ठेवा.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळी आहे. ते कण कधी अंडाशयाच्या रक्तपुरवठ्यातही जातात. चाळिशीच्या आसपास, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, अंडाशयाचं काम मंदावण्याचा धोका वाढतो. एम्बोलायझेशननंतर मुलं झालेल्या बायका आहेत, पण गर्भपाताचं आणि वारेच्या अडचणींचं प्रमाण वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणून मूल हवं असलेल्या बाईला बहुतेक तज्ज्ञ हा पर्याय आधी सुचवत नाहीत.

ध्वनिलहरींचा उपाय ऐकायला सगळ्यांत सुखाचा वाटतो, कारण त्यात छेद नाही आणि सुईपण नावापुरती. एमआरआय किंवा सोनोग्राफीच्या मदतीनं नेम धरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटतात, तिथलं तापमान चढतं आणि गाठीचा तेवढा भाग मरतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००४ मध्ये याला मान्यता दिली ती मुलं होऊन गेलेल्या बायकांसाठी. २०१५ मध्ये ती अट सैल झाली, तरी गर्भधारणेबद्दलची माहिती अजून तोकडीच आहे. त्यात प्रत्येक गाठ याला लायक नसते. वाटेत आतडं आलं, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा मोठा व्रण असला, गाठी अनेक असल्या, की जमत नाही. काही तास हालचाल न करता पडून राहावं लागतं. गाठ निघून जात नाही, आकसते. आणि मशीन मोजक्याच ठिकाणी असतं.

रेडिओफ्रिक्वेन्सीचा प्रकार याच्याच जवळचा : गाठीत सुई रोवून उष्णतेनं तिला आतून जाळायचं. एका पद्धतीत पोटावरच्या बारीक छेदांतून जातात, दुसरीत गर्भाशयाच्या तोंडातून, टोकाला सोनोग्राफी बसवलेल्या नळीनं. भिंतीतल्या गाठींसाठी हे तंत्र मला आश्वासक वाटतं. पण इथेही गाठ आत राहते आणि महिन्यामहिन्यानं लहान होते, आणि पुढच्या बाळंतपणांबद्दल फार मोठा अनुभव जमा झालेला नाही. पुढेमागे त्या ३ सेंटीमीटरच्या गाठीनं त्रास दिलाच, तर तेव्हा विचार करू. आज नको. भिंतीतली, पोकळीला धक्का न लावणारी गाठ मूल होण्याच्या आड किती येते यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. बाहेरची गाठ सहसा आड येत नाही. पोकळीतली मात्र येते. म्हणजे तुमचा रक्तस्राव आणि तुमची दुसऱ्या मुलाची इच्छा, दोन्हींच्या वाटेत तीच एक गाठ उभी आहे. हा योगायोग तुमच्या पथ्यावर पडणारा आहे.

समजा तपासणीत निघालं की ती गाठ दुर्बिणीला सोपी नाही, किंवा बाहेरची मोठी गाठही काढणं भाग आहे. मग पोटावरून, अर्धा ते एक सेंटीमीटरच्या तीन-चार छेदांतून लॅपरोस्कोपीनं गाठी काढता येतात. यात खरी कसोटी गाठ काढण्यात नाही, नंतर भिंत थरांथरांनी शिवण्यात आहे. ती शिवण पुढच्या गरोदरपणात ताण सोसणार असते. ती उसवण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे, पण म्हणूनच तीन ते सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात आणि शिवण खोल असली तर सिझेरियन सुचवतात. रोबोटनं हेच काम होतं, हात डॉक्टरांचेच असतात. त्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी 'माझ्या बाबतीत याचा नेमका उपयोग काय' एवढं विचारा.

कॅन्सरबद्दल. फायब्रॉइड ही साधी गाठ आहे, पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांना कुठे ना कुठे एखादी होतेच, आणि ती पुढे जाऊन कॅन्सर होते असं मानलं जात नाही. मात्र क्वचित फायब्रॉइडसारखी दिसणारी गाठ मुळातच सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, असते. अमेरिकेच्या त्याच संस्थेनं २०१४ मध्ये अंदाज दिला होता की फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० जणींमागे एकीत असं निघतं. काही अभ्यासांत हे प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे. तुमच्या वयात शक्यता आणखी कमी, पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली तर जास्त. दोन गोष्टी यातून निघतात. जाळण्याच्या किंवा रक्त तोडण्याच्या उपायात तपासायला तुकडा हाती येत नाही. आणि लॅपरोस्कोपीत मोठी गाठ यंत्रानं तुकडे करून काढणार असतील, तर कण पोटात पसरू नयेत म्हणून ती बंद थैलीत ठेवून तिथेच कापणार का, हे आधी विचारून घ्या. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी तुमच्यासाठी हवी की नको हेही डॉक्टरांना विचारा. पंचेचाळिशीनंतर ती सहसा करतातच.

पिशवी काढण्याबद्दल दोन शब्द, कारण तिला मी खलनायिका ठरवलं असं वाटायला नको. ज्या बाईला मूल नको आहे, जिच्या गर्भाशयात गाठींचा घोस आहे, जिला पुन्हा पुन्हा टेबलावर चढायचं नाही, तिच्यासाठी तो अगदी योग्य निर्णय असू शकतो. फायब्रॉइड पुन्हा होणार नाही याची खात्री देणारा उपाय तो एकच. शिवाय पिशवी काढणं म्हणजे बहिणीसारखं पोट उघडणंच असं नाही; योनिमार्गानं किंवा लॅपरोस्कोपीनंही ती निघते, आणि अंडाशयं ठेवली तर लगेच रजोनिवृत्ती येत नाही. तुम्ही या वाटेला आज जाऊ नये, इतकंच माझं म्हणणं.

पण यातलं काहीही करण्याआधी ते ८.२ हिमोग्लोबिन वाढवायला हवं. मला तुमच्या गाठींपेक्षा त्या आकड्याची काळजी जास्त वाटते. गर्भार नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात, तुम्ही तर फारच खाली आहात. गोळ्यांनी भरून यायला दोन-तीन महिने लागतात, आणि दर पाळीला तेवढंच पुन्हा वाहून जातं. शिरेतून लोह दिलं तर काही आठवड्यांत फरक पडतो, त्याबद्दल विचारा. रक्तस्रावाच्या दिवसांपुरतं ट्रानेक्सॅमिक ॲसिड घेतलं तर अंगावरून जाणं कमी होतं आणि मूल होण्यात त्याचा अडथळा नसतो. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र ते घ्यायचं नाही. फारच अडलं तर दोन-तीन महिने पाळी थांबवणारं हार्मोनचं इंजेक्शन देतात, तेवढ्यात हिमोग्लोबिन चढतं आणि गाठही थोडी आकसते. गरम झळा मात्र सोसाव्या लागतात. गाठी कायमच्या विरघळवणारं औषध अजून नाही, कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. हार्मोनची तांबीही रक्तस्राव छान आटोक्यात आणते, पण ती गर्भनिरोधक आहे आणि पोकळीत गाठ असताना निसटण्याचा संभव जास्त, म्हणून ती तुमच्यासाठी नाही. आणि कधी सलग दोन तास तासाला पॅड भिजू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडू लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

वयाचंही बोलायला हवं. ३९ व्या वर्षी मूल होण्यातली अडचण एकट्या फायब्रॉइडची नसते. पोकळीतली गाठ दुर्बिणीनं काढल्यावर साधारण एक-दोन पाळ्या गेल्या की प्रयत्न सुरू करता येतात. पण त्याआधीच दोघांची प्राथमिक तपासणी करून घ्या, यजमानांच्या वीर्याची तपासणीसुद्धा. ती स्वस्त आणि बिनदुखण्याची, तरी घरोघरी सगळ्यांत शेवटी होते. प्रयत्न सुरू करण्याआधी फॉलिक ॲसिड चालू करा. सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर थांबू नका, वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा.

रजेचं विचारलंत. दुर्बिणीनं आतून गाठ काढली तर दोन-तीन दिवस पुरतात, काही दिवस हलका रक्तस्राव राहतो. ध्वनिलहरींच्या उपायानंतरही जवळजवळ तेवढेच. एम्बोलायझेशनला एक ते दोन आठवडे, लॅपरोस्कोपीला दोन ते चार, पोट उघडलं तर सहा किंवा जास्त. अर्ज मात्र इतक्यात टाकू नका. आधी पोकळीची नीट तपासणी आणि हिमोग्लोबिनचा नवा आकडा हाती येऊ द्या. तारीख तेव्हाच ठरेल, आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल तर त्यालाही मधले हे आठवडे पुरे आहेत. जाताना सोनोग्राफीचा कागदच नव्हे, चित्रंही बरोबर न्या.